साचा थांबला की सिरियल थांबली

परवा सकाळी दूध घेऊन जिना चढत होतो, तर दुसऱ्या मजल्यावर भिजलेल्या गव्हाचा आंबूस वास आला. तिथंच थांबलो. ज्याला हा वास माहीत नाही त्याला वाटेल, कुणाची तरी भाजी नासली. ज्याला माहीत आहे त्याला कळतं की कुरडयांचे दिवस आले. थंडी सरली, ऊन खरखरीत झालं, पोरांच्या परीक्षा तोंडावर आल्या आणि काळेवाडीतल्या बायकांनी गहू भिजत घातले.

वास नाकाला येतो. मला तो कानाला आल्यासारखा वाटला. त्या वासाबरोबर गच्चीवरून शालनचा आवाज खाली येतोय असं वाटलं. शालन म्हणजे माझी बायको. ती गेल्या श्रावणात गेली. आवाज येणार कुठून? पण शरीराला सवयी असतात, त्यांना मेलेलं माणूस कळायला वेळ लागतो.

माझा डावा कान निकामी आहे. उजवा अर्धा चालतो. प्रेस शॉपमध्ये जन्म गेला, आधी भोसरीत, मग कंपनी चाकणला गेली तसा तिच्यामागं मीही गेलो. पत्र्यावर ठोका पडतो तो आधी छातीत बसतो, मग कानात. त्या काळी कानात बोळे घालायला कुणी सांगत नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी आम्ही घातले नसते. रिटायर झालो तेव्हा नारळ, शाल आणि बहिरेपण घेऊन घरी आलो. तक्रार नाही. त्या बहिरेपणातून पुढं जे उगवलं ते सगळ्या बिल्डिंगला पुरलं. ते सांगायलाच हे लिहितोय. मी चौथी शिकलेला माणूस आहे, चुकलं तर चुकलं.

सुनेनं, अश्विनीनं, एक दिवस मोबाइल टीव्हीला जोडून दिला आणि म्हणाली, "आई, आता तुम्हाला हवं ते हवं तेव्हा बघा. अमुक वाजायची वाट बघायला नको."

शालननं विचारलं, "मध्ये जाहिराती?"

"नाहीत."

"मग पाणी प्यायला उठायचं कधी?"

अश्विनीला हसू आवरेना. शालन हसली नाही. तिला खरंच प्रश्न पडला होता. पण मग तिनं ते यंत्र असं काही हाताशी धरलं की अश्विनी कामावरून आल्यावर सासूलाच विचारायची, "आई, नवीन काय आलंय?"

हल्लीच्या या सिरियलींचं एक आहे. त्यात माणसं बोलत नाहीत, पुटपुटतात. खून झाला तरी पुटपुटतात, प्रेमात पडली तरी पुटपुटतात. आणि अंधार! एवढे मोठे साहेब, एवढे मोठे बंगले, पण घरात एक बल्ब लावत नाहीत. मला ऐकू येत नव्हतं आणि दिसतही नव्हतं. खाली अक्षरं येतात म्हणतात, ती येतात तशीच जातात. मी पहिला शब्द लावेपर्यंत नवी ओळ. मग शालन माझ्या उजव्या बाजूला बसायची आणि ओरडून सांगायची. "अहो, हा तिचा भाऊ नाही, दीर आहे! मघाशी सांगितलं ना!" तिला सातवीपर्यंतचं वाचन होतं आणि डोळा तल्लख. अक्षर वाचायची, तोंड बघायची आणि माझ्या कानात ओतायची.

आमच्या भिंती पातळ आहेत. शेजारची कुंदा ब्लाऊज शिवते, तिचं मशीन भिंतीला लागून. एक दिवस भिंतीवर टकटक झाली. मला नाही ऐकू आली, शालनला आली. पलीकडून कुंदा म्हणत होती, "काकू, मध्ये मी भाकरी टाकायला उठले. डॉक्टर खोटं बोलला का खरं?"

म्हणजे ही भिंतीआडून ऐकत होती, मशीन थांबवून.

तिथून सुरू झालं. मला ऐकू जावं म्हणून जो आवाज लागला तो जिन्यात जायचा, जिन्यातून खालच्या मजल्यावर. बायका म्हणायच्या, शालनबाई सिरियल सांगतात. बघतात असं कुणी म्हणत नव्हतं. सांगतात. यात माझ्या फुटक्या कानाचा वाटा आहे, आणि तो मी कुणाला देणार नाही.

तिच्या तोंडी सिरियलीचं खरं नाव कधी बसलं नाही. जहाजवाली, वकीलवाली, तुरुंगवाली, खाणावळवाली. बिल्डिंगमध्ये हीच नावं चालायची. कुंदानं एकदा तिच्या टीव्हीला तोंडानं सांगितलं, 'खाणावळवाली लाव,' तर त्यानं तिला पाव किलो बेसनाची कृती दाखवली.

परदेशी सिरियल असली तर माणसांचीही नावं बदलायची. कोरियातल्या एकाचं नाव तिला चार वेळा म्हणून बघूनही म्हणता आलं नाही. पाचव्या वेळी ती म्हणाली, "बबन." झाला तो बबन. त्याची आई गंगूबाई. त्यांचा तो शेवयांचा लांबलचक प्रकार असतो, तो झाला शेवयांचा रस्सा. आमच्या गच्चीवर कोरिया कुठं आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण बबनला तिखट सोसत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

लोक म्हणतात अमुक सिरियल चांगली, तमुक भिकार. तारे देतात. शालनचं तसं नव्हतं. ती म्हणायची, "सिरियल चांगली-वाईट काय? बघणारी कोण आहे ते आधी सांग." कुणी विचारलं 'काय बघू?' की ती आधी त्या बाईकडं बघायची. घरात कोण आहे, जेवण किती वाजता होतं, झोप लागते का, सासू कुठं बसते. मग नाव सांगायची. कुंदाचं आणि तिच्या सासूचं जुंपलं होतं तेव्हा मला वाटलं ही तिला काहीतरी गोड, मन शांत करणारं देईल. हिनं तिला वकीलवाली दिली. आठवड्यात कुंदाची सासू आमच्या दारात.

"शालनबाई, हिला दुसरी कुठली तरी द्या हो. ही आता दर वाक्याला पुरावा मागते."

"मग तुम्ही पण बघा," शालन म्हणाली. "एका वकिलानं केस चालत नाही."

दोघी मिळून बघायला लागल्या, शेवट मात्र भिंतीआडून शालनच्या तोंडून ऐकला. भांडण गेलं नाही, पण ऐकण्यासारखं झालं.

मला तिनं जहाजवाली दिली. समुद्र, धुकं, आणि कामाची माणसं. फारसं बोलत नाहीत, दोर ओढतात. म्हणाली, "हे तुमचं. यात मी गप्प बसते." आणि ती खरंच गप्प बसली. माझ्या उजव्या हाताला बसून तिनं सगळी जहाजवाली मुकाट्यानं बघितली. लग्नाला एवढी वर्षं झाली, आम्ही एकमेकांना भेटी अशा कधी दिल्या नाहीत. ही एक दिली तिनं.

तुम्ही विचाराल, आजोबा, तुमचं मत काय? माझं मत कुणी विचारत नाही, पण सांगतो. पोलिसांच्या सिरियली फार झाल्या. प्रत्येक फौजदाराची बायको सोडून गेलेली, प्रत्येक जण दारू पितो, आणि तरी खुनी त्यालाच सापडतो. गावाकडच्या म्हणून ज्या येतात त्यातली जनावरं धुतलेली असतात. कारखाना दाखवतात तिथं मागं ठिणग्या उडतात आणि पुढं दोघं हळू आवाजात गुपित बोलतात. प्रेस चालू असताना गुपित! आम्ही तिथं बापाचं नाव ओरडून सांगायचो. पण एखादी अशी असते की ज्यात कुणी बाई नुसती भांडी घासताना दाखवलेली असते, आणि तुम्ही हातातला चहा विसरता. तशी सापडली तर बघा. सापडली की एकट्यानं बघू नका. ज्याला ऐकू येत नाही असं एखादं माणूस शेजारी बसवा आणि त्याला सांगत बघा. सिरियल दुप्पट होते.

गेल्या वर्षीचा हंगाम मात्र वेगळाच होता. तो एकच आठवतो, बाकीचे एकात एक मिसळलेत.

आमच्याकडं सावड चालते. आम्ही परांड्याकडचे, कुंदा साताऱ्याची, तळमजल्याच्या चंद्राबाई चाकणजवळच्या गावातल्या जुन्या घरच्या. गावं वेगळी, पण कुरडया एकटीनं होत नाहीत हे सगळीकडं सारखं. आज माझ्या घरच्या, उद्या तुझ्या घरच्या. दिवस उजाडायला गॅसची शेगडी गच्चीवर जायची. मोठ्या पातेल्यात वाटलेल्या गव्हाचा चीक शिजायचा, घट्ट होत यायचा, एकीनं पातेलं धरायचं आणि दुसरीनं लाकडी दांड्यानं हाटायचा. पहिला वाटीभर चीक दूध-साखर घालून मला. तो खाताना जीभ भाजायचीच. मग जुन्या साड्या अंथरायच्या, कोपऱ्याला विटा, आणि चीक गरम आहे तोवर साच्यात भरून पिळायचा. गार झाला की संपलं, दगड होतो. म्हणून हात थांबता कामा नयेत. ही सगळी कसरत.

माझं काम राखणीचं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्ची, हातात काठी, आणि पारवे. काळेवाडीतले पारवे माणसाला घाबरत नाहीत. समोर नदीपलीकडं नवे टॉवर, तिकडं कंपनीच्या बसगाड्या पहिल्या पाळीच्या माणसांना चाकणकडं घेऊन निघालेल्या, आणि मी इकडं कुरडयांचा वॉचमन.

शालन साच्याजवळ नसायची. ती मधोमध बसायची, पापडांच्या लाट्या करत, आणि सांगायची. मी दुसऱ्या टोकाला, म्हणून आवाज मोठा. "तर बबन निघाला घरातून! आईनं हाक मारली! त्यानं मागं बघितलं नाही!" इथं साच्यावरच्या बाईचा हात थबकायचा. शालन लगेच तोंड मिटायची. लाटी उचलायची, बघायची, खाली ठेवायची. कुणी म्हणायचं, "अहो, पुढं?"

"साचा थांबला की सिरियल थांबली."

साचा करकरत फिरायचा, सिरियल पुढं सरकायची. चीक गार व्हायची वेळ आली की बबनवर हमखास संकट यायचं. ही बाई अख्खी गच्ची त्या पोराच्या जिवावर चालवायची. मी आयुष्यभर सुपरवायझर बघितले. शिव्या देणारे बघितले, घड्याळ दाखवणारे बघितले. असा एकही बघितला नाही.

खाणावळवाली चंद्राबाईंसाठी होती. तसं तिनं बोलून दाखवलं नाही, पण मला कळत होतं. चंद्राबाईंच्या घरची जमीन कंपन्यांच्या प्लॉटमध्ये गेली तेव्हा घरात वाद झाला, आणि त्यांचा मुलगा आईशी बोलेनासा झाला. मोशीत राहतो. मोशी इथून किती लांब? रिक्षानं जाता येतं. तो येत नाही. चंद्राबाई मुलीकडं राहतात, आमच्या तळमजल्यावर. कधी कुणाजवळ रडल्या नाहीत. उलट बोलायला भारी. शालनला म्हणायच्या, "ती गंगूबाई येडी हाय. पोरगं गेलं तर जाऊ द्यावं. कशाला दार उघडं ठेवती रोज?"

"तुम्ही नसतं ठेवलं?"

"म्या? म्या कडी लावली असती." आणि साचा एवढ्या जोरात फिरवायच्या की कुरडईचा वेढा चुकायचा.

हंगामाच्या शेवटी खाणावळवालीचा शेवट यायला लागला. बंदरावरची खाणावळ. गंगूबाई म्हातारी झालेली. संध्याकाळ, गिऱ्हाईक संपलेलं, ती पाठमोरी रस्सा ढवळतेय. दारात बबन. डोक्यावर टोपी, गालावर खुरटी दाढी, आता तोही म्हातारपणाकडं झुकलेला.

"उंबऱ्यात उभा," शालन म्हणाली. "एक पाय आत, एक बाहेर."

साचा थांबला. या वेळी तिनं कुणाला टोकलं नाही. चीक तसाही संपत आला होता. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि म्हणाली, "पुढचं उद्या, कुंदाकडच्या पापडांना."

दुसऱ्या दिवशी ती उठली नाही. पोटात दुखतंय म्हणाली. ते दुखणं साधं नव्हतं. दवाखान्याच्या त्या महिन्यांवर मी लिहिणार नाही. तिला आवडलं नसतं आणि मला जमणार नाही. श्रावण सरायच्या आत ती गेली, आणि बबन उंबऱ्यात राहिला.

घरात आता अश्विनी आणि मुलगा सकाळी कामाला निघून जातात. मी टीव्हीच्या समोर बसतो, सवयीनं डाव्या टोकाला. उजवी जागा तशीच राहते. माझ्या उजव्या कानाशी आता कुणी बोलत नाही. मुलगा समोरून बोलतो, ओठ वाचता यावेत म्हणून. भला आहे. पण समोरून बोललेलं वेगळं आणि कानाशी बोललेलं वेगळं.

थंडीत मी ठरवलं, तिनं सांगितलेल्या सगळ्या पुन्हा बघायच्या. दुपारी जेवण झालं की बसायचं. अश्विनीनं अक्षरं मोठी करून दिली आणि थांबवायचं बटण दाखवलं. मी थांबवत थांबवत वाचायचो. एक भाग संपायला दुपार जायची. वाचता वाचता माझं वाचन सुधारलं, या वयात! आधी तुरुंगवाली लावली. शेवटाला आलो आणि बघतो तर काय, धाकटा भाऊ मरतो. चक्क मरतो. शालननं तर सांगितलं होतं, तो लंगडत लंगडत घरी येतो आणि वहिनीला म्हणतो, भूक लागली. मी तो भाग तीन वेळा बघितला. दर वेळी मेला.

वकीलवाली लावली. त्यातली सासू शेवटपर्यंत सुधारत नाही. शालनच्या सिरियलीत तिनं कोर्टात सुनेच्या बाजूनं साक्ष दिली होती.

मला आधी राग आला. मोठ्यानं म्हणालो, "शालन, मला बनवलंस काय गं?" मी तोंडावर बोलणारा माणूस. कंपनीत साहेबाला साहेबाच्या केबिनमध्ये चुकलास म्हणून सांगितलेला. खोटं मला सोसत नाही. आणि ही बाई माझ्याच कानात बसून बिनधास्त शेवट बदलत होती. ऐकू येत नाही, वाचता येत नाही, सांगा काहीही.

मग हळूहळू ध्यानात आलं. तुरुंगवाली तिनं सांगितली तेव्हा माझा धाकटा भाऊ गावाकडं आजारी होता. मी रोज फोनजवळ बसून असायचो. वकीलवाली सांगितली तेव्हा कुंदा आणि तिची सासू एकाच भिंतीआडून ऐकत होत्या. ती ऐकणारा बघून शेवट बेतायची, जसा अंगावर कपडा बेततात. एवढे मोठे लोक, एवढा पैसा ओतून सिरियल काढतात, आणि काळेवाडीत एक सातवी शिकलेली बाई लाट्या करता करता ती उसवून पुन्हा शिवते. माझी छाती अशी फुगली म्हणता! एकटाच बसलो होतो खोलीत, पण ताठ बसलो.

आणि लगेच भीती वाटली. कारण खाणावळवाली राहिली होती.

ती बघितली. लिहायला हात वळत नाही, पण लिहितो. बबन आत येतो. टोपी काढत नाही. रस्सा मागतो. आई पाठमोरी राहूनच वाडगा ठेवते. तो खातो, वाडग्याखाली पैसे ठेवतो, जातो. आई वळते तेव्हा दार उघडं आणि बाहेर कुणी नाही. ती वाडगा धुवायला घेते. संपली. वर नावं सरकायला लागली.

आता मी काय करू? बायका विचारणार हे नक्की होतं. खरं सांगितलं तर चंद्राबाईंच्या काळजावर घाव पडणार. शिवाय एकीनं जरी शोधाशोध केली की शालननं आधीच्या कशा सांगितल्या होत्या, तर तिचं नाव जाणार. लोक म्हणतील, शालनबाई थापा मारायची. ती बाई या बिल्डिंगमध्ये फक्त नाव मागं ठेवून गेली आहे. ते माझ्या एका वाक्यानं जायला नको होतं. आणि गोड खोटं बोलावं तर ते माझ्या तोंडून कधी निघालेलं नाही.

अश्विनी म्हणाली, "बाबा, यंदा आपल्या कुरडया बचत गटाकडून विकत आणू. तुम्हाला त्रास नको." मी बरं म्हणालो. सुटलो असं वाटलं.

पण तो वास आला आणि त्याच संध्याकाळी चंद्राबाई दारात उभ्या. एक पाय आत, एक बाहेर.

"अण्णा, उद्याच्याला कुंदाच्या कुरडया हायेत. राखणीला कोन बसनार? पारवं काय आमी हाकलायचं?"

"गुडघे दुखतात."

"गुडघ्यांनी हाकलता का पारवं? काठी हाय ना." मग म्हणाल्या, "आन् शालनचं अर्धं ऱ्हायलंय. त्ये कुनी फेडायचं?"

गेलो. खुर्ची टाकीच्या सावलीत ठेवलेलीच होती. चीक शिजत होता. मधली जागा मोकळी. तिथं कुणी बसलं नव्हतं, सगळ्या कडेकडेनं बसल्या होत्या. कुंदानं वाटीभर चीक आणून दिला. जीभ भाजली. त्या निमित्तानं डोळे पुसून घेतले.

साचा फिरत होता. कुणी काही विचारेना. शेवटी मीच काठी खाली ठेवली आणि म्हणालो, "बबन आत येतो, जेवतो, आणि जातो. आई त्याला ओळखत नाही. सिरियल संपली."

मी असाच बोलतो. साचा थांबला. चंद्राबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आता रडतील. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, खोटं बोलायला शिकलो असतो तर बरं झालं असतं.

चंद्राबाई म्हणाल्या, "त्ये ठाव हाय मला."

"कसं?"

"नातीनं मोबाइलवर दावली की. दिवाळीतच बघितली आमी. निस्ती मुकी सिरियल. काय बी दम न्हाई."

मी कुंदाकडं बघितलं. ती चीक साच्यात भरत हसत होती. "अण्णा, सगळ्यांच्या घरात मोबाइल आहेत. आम्ही आधी बघायचो, मग काकूंची ऐकायला वर यायचो. तुरुंगवालीतला धाकटा मेला तेव्हा मी तर दोन दिवस जेवले नाही. मग काकूंनी त्याला घरी आणला तेव्हा कुठं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? ती बदलते ते?"

"व्हय तर! बदलत न्हाई तर वर कशाला यायचं? चीक हाटायला?" चंद्राबाई म्हणाल्या. "त्या टीव्हीतली कुनी बी बघतं. ही शालनची व्हती."

मी काठी उचलली, पुन्हा खाली ठेवली. मी तिच्या नावाला जपत होतो, आणि इथं तर ते नाव माझ्या समजुतीपेक्षा कितीतरी मोठं होऊन बसलं होतं. या बायका खरं काय ते जाणून, जिने चढून, खोटं ऐकायला येत होत्या. याला खोटं म्हणायचं का, तेही मला आता कळत नाही.

"आता सांगा," चंद्राबाई म्हणाल्या. "शालननं काय केलं असतं?"

"मला नाही सांगता येत."

"एवढी वर्सं कानाशी बसली तुमच्या. एक कान चालतो ना? मग त्यात काय तरी ऱ्हायलं असंल की."

मी उठलो. मधल्या जागेवर नाही बसलो, पण टाकीपासून जरा पुढं आलो. घसा साफ केला.

"बबन उंबऱ्यात उभा," मी म्हणालो. "एक पाय आत, एक बाहेर."

"आवाज मोठा काढा," कुंदा म्हणाली. "खाली सासूबाई जिन्यात बसल्यात."

मोठा काढला. प्रेस शॉपमधला आवाज, बऱ्याच वर्षांनी. "गंगूबाई पाठमोरी. रस्सा ढवळतेय. ती वळली नाही. वळायचं कारणच नव्हतं. त्याच्या पावलाचा आवाज तिला पोटातून माहीत. ती वळलीच नाही आणि म्हणाली, चप्पल बाहेर काढ."

मग कुंदा हळूच म्हणाली, "गिऱ्हाइकाला कुणी म्हणतं का, चप्पल काढ."

"नाही म्हणत," मी म्हणालो.

चंद्राबाईंचे हात साच्यावर होते. साचा फिरत नव्हता. "त्यानं काढली का?"

"काढली. आत आला. बसला. तिनं वाढलं."

"काय वाढलं?"

मला रस्सा म्हणायचं होतं. पण शालननं ऐकणाऱ्याकडं बघितलं असतं. मी बघितलं. "तुम्ही सांगा, काय वाढलं असेल."

चंद्राबाई पातेल्याकडं बघत राहिल्या. चीक गार व्हायला लागला होता, वर साय धरत होती.

"चीक," त्या म्हणाल्या. "दुधातला. साखर जास्तीची. लहानपनापासून तसाच लागायचा त्याला."

ऊन गच्चीच्या कठड्यावर आलं होतं. खालून कंपनीची बस भोंगा वाजवत गेली, माझ्यापर्यंत नुसता हादरा आला. मग माझ्या तोंडून निघालं, आणि निघताना आवाज माझा नव्हता:

"साचा थांबला की सिरियल थांबली."

चंद्राबाईंनी पदरानं नाक पुसलं, साच्याचा दांडा घट्ट धरला आणि पिळायला लागल्या. पांढरी तार साडीवर पडत गेली, वेढ्यावर वेढा, एकही चुकला नाही. कुंदानं विचारलं, "मग अण्णा? पुढं काय?"

मी तोंड उघडलं होतं. चंद्राबाईंनी मान वर न करता मला थांबवलं.

"बसलाय नव्हं जेवायला? मग आजच्याला एवढंच. उठवू नका त्याला."